आरोग्यसेवेच्या वाटा – लेखांक ६ : मानवी जीवशास्त्राची बीएस्सी

माणसाच्या शरीराची रचना, त्याचे कार्य, वाढ, आनुवंशिकता, आजार आणि भोवतालाशी असलेले नाते यांचा एकत्र अभ्यास म्हणजे मानवी जीवशास्त्र. अमेरिकेत या नावाची स्वतंत्र पदवी रुळलेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ती गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकापासून शिकवली जाते. तिकडे वैद्यकीय महाविद्यालयाचे दार पदवीनंतरच उघडते, म्हणून ही पदवी भावी डॉक्टरांची पूर्वतयारी ठरते. भारतात डॉक्टर व्हायचे तर बारावीनंतर थेट ‘नीट’ द्यावी लागते, आणि त्यामुळे अशा पदवीला इकडे फारशी जागा उरली नाही. दिल्लीच्या एम्समध्ये एकेकाळी मानवी जीवशास्त्राची बीएस्सी ऑनर्स होती. पुढे ती बंद झाली.

महाराष्ट्रात या पदवीचे काम प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या विषयांची बीएस्सी करते. परभणी–परळी लोहमार्गावरच्या, नृसिंहाच्या देवस्थानामुळे ओळखल्या जाणाऱ्या पोखर्णीतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी जवळचे ठिकाण म्हणजे परभणी. तिथल्या श्री शिवाजी आणि ज्ञानोपासक या महाविद्यालयांत विज्ञान शाखा आहे. ती १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. गावाहून रोज ये-जा करून वर्गातले तास भागतात, पण प्रयोगशाळेचे भागत नाहीत. बुडालेल्या व्याख्यानाची टिपणे मित्राकडून मिळतात, बुडालेले प्रात्यक्षिक मात्र कोणी उतरवून देत नाही.

आणि या पदवीचे खरे मोल प्रात्यक्षिकातच आहे. रक्तगट तपासणे, हिमोग्लोबिन मोजणे, काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर घेऊन लीशमन रंजकाने रंगवणे, मग सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींचे प्रकार ओळखून मोजणे, रक्तदाब घेणे ही कामे पुढे आरोग्यसेवेतल्या कोणत्याही प्रयोगशाळेत रोज लागतात. लीशमनच्या रंगाला पाणी कमी-जास्त झाले की पेशींचे केंद्रक ओळखू येत नाही. हाताला हे कळायला पन्नास पट्ट्या लागतात, पाठ्यपुस्तकातले चित्र पुरत नाही. विच्छेदनाची बाजू मात्र लंगडी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशांनंतर प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदन थांबले. शरीररचना आता प्रतिकृती, तक्ते आणि संगणकावर शिकवली जाते. मानवी देहाचे विच्छेदन वैद्यकीय महाविद्यालयातच होते. शिवाय प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात मत्स्यसंवर्धन, रेशीम, मधमाशी हेही असते. विषय चांगले आहेत, पण रुग्णालयाकडे जाणाऱ्याला त्यांचा थेट उपयोग नाही. मानवी शरीरक्रिया, आनुवंशिकता, रोगप्रतिकारशास्त्र आणि परजीवीशास्त्र या घटकांवर अशा विद्यार्थ्याने अधिक वेळ द्यावा हे उघड आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा हिशेब श्रेयांकांत होतो. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक वर्ष पुरे करून थांबणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळते, मात्र दोन्हींसाठी चार श्रेयांकांचे जादा कौशल्यकाम करावे लागते. तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करण्याची मुभा आहे. शेती किंवा घरच्या अडचणीमुळे मधेच शिक्षण सोडणाऱ्यांना ही सोय कामाची आहे. आरोग्यक्षेत्रात मात्र एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात जवळपास किंमत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्या सत्रातच होते. अवघड वाटते म्हणून रसायनशास्त्र सोडून दिले जाते आणि त्याचा परिणाम तीन वर्षांनी जाणवतो. जीवरसायन, औषधशास्त्र अशा पदव्युत्तर विषयांचा पाया रसायनशास्त्रात असतो. सरकारी नियमही विषयाचे नाव बघतात. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी २०११ च्या नियमांत जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान यांच्या पदव्या मोजल्या आहेत. प्राणिशास्त्र त्या यादीत नाही. शेजारच्या वर्गात बसलेल्या दोघांपैकी एक पात्र आणि दुसरा अपात्र ठरतो, तो एवढ्यावरून.

पदवी हातात आली म्हणजे रुग्णाजवळ काम करण्याची परवानगी मिळाली, असेही नाही. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यानुसार संलग्न व्यावसायिकाचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाचे किमान ३,६०० तासांचे असावे लागते. कायद्याच्या परिशिष्टात वैद्यकीय प्रयोगशाळा व जीवविज्ञानाचा गट आहे. त्यात जैवतंत्रज्ञ, भ्रूणतज्ज्ञ, रेणवीय जीवशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत. नुसता ‘बीएस्सी’ कुठेच नाही.

म्हणून पदवीनंतरची पायरी ठरलेली असावी. सर्वांत जवळची वाट म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदविका, म्हणजे पीजीडीएमएलटी. ती घेतलेला तंत्रज्ञ नमुने घेतो, यंत्रे चालवतो, तपासण्या करतो. पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही मात्र नोंदणीकृत वैद्यकीय तज्ज्ञाचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हे स्पष्ट केले. ‘स्वतःची लॅब टाका’ अशी जाहिरात करणाऱ्या संस्था एवढे सांगायचे विसरतात.

दुसरी वाट एमएस्सीची आहे. वैद्यकीय शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र हे पदव्युत्तर अभ्यासक्रम काही वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यानंतर देशभर वंध्यत्वाची केंद्रे वाढली आणि भ्रूणतज्ज्ञ ही नवी नोकरी उभी राहिली. तिला आज पदव्युत्तर पात्रता लागते. आनुवंशिक समुपदेशनाचेही तसेच. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेल हा घरोघरीचा प्रश्न आहे. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. अशा कामात तपासणीचा निकाल पती-पत्नीला समजेल अशा मराठीत सांगणारा माणूस हवा असतो. माणसांपेक्षा आकड्यांत रमणाऱ्यांना मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील सार्वजनिक आरोग्याचे आणि देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. औषधचाचण्या आणि मेडिकल कोडिंगच्या नोकऱ्या मुख्यतः पुणे, मुंबई, हैदराबाद इथे मिळतात.

ज्याला रुग्णसेवाच करायची आहे, त्याने बीएस्सीचा वळसा घेऊ नये. परभणीत २०२३-२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांसह सुरू झाले. नर्सिंग आणि परावैद्यक तंत्रज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. आहारतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्याला तर परभणीच्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात अन्न व पोषण शिकता येते. पूर्वीच्या गृहविज्ञानाच्या नावामुळे मुलगे तिकडे फिरकत नाहीत, हे नुकसान त्यांचेच. ‘नीट’ला वयाची कमाल मर्यादा नाही, म्हणून बीएस्सी करता करता ती पुन्हा देणारे बरेच असतात. तिथे प्रवेश मिळाला तर सुरुवात पहिल्या वर्षापासूनच होते. बीएस्सीचे श्रेयांक वैद्यकीय किंवा नर्सिंगच्या अभ्यासक्रमात धरले जात नाहीत.