दिवसभर पाण्याशी

सकाळी ६.३०
शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी ड्रायरचं झाकण उघडते. आतले दाणे साबुदाण्याएवढे, पांढरट. मक्याच्या स्टार्चपासून साखर करायची, ती आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवायचं आणि त्याची लांब साखळी जोडायची; झालं पीएलए. नुसत्या पीएलएची फिल्म कडक होते, घडी घातली की तडकते. म्हणून त्यात लवचीक पीबीएटी मिसळतात. ते मुख्यतः खनिज तेलापासून येतं, पण कंपोस्टमध्ये तेही कुजतं. त्यामुळे आमच्या मालाला कुणी ‘शंभर टक्के मक्याची पिशवी’ म्हटलं, की मी तिथल्या तिथे दुरुस्त करते.

सकाळी ७.३०
मशीन तापलंय, दीडशे अंशांच्या आसपास. गोल डायमधून वितळलेली नळी वर चढते, आत हवा भरली की तिचा फुगा होतो आणि वरच्या रोलरमध्ये दबून त्याची फिल्म गुंडाळली जाते. भाजक्या मक्यासारखा वास सुटतो.

“ताई, फुगा थरथरतोय,” ऑपरेटर काका हाक मारतात. माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या जुलैत एक गोणी अर्धा दिवस उघडी राहिली होती. दाण्यांनी पावसाळी हवेतलं पाणी शोषलं. मशीनच्या उष्णतेत त्या पाण्यानं साखळ्या तोडल्या, माल पातळ झाला आणि फुगा पुन्हापुन्हा फुटत राहिला. अख्खा लॉट भंगारात गेला. चूक माझीच होती, गोणी मी तपासली नव्हती. आज मात्र दाणे कोरडे आहेत. हवेचा दाब जरासा कमी केला आणि फुगा स्थिरावला.

सकाळी १०.३०
गेज मोजते: २५ मायक्रॉन. साध्या प्लास्टिकच्या पिशवीला ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉनची अट आहे, कंपोस्टेबल पिशवीला ती नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय तिला बाजारात जाता येत नाही. म्हणून छपाईचा प्रत्येक रोल मी उजेडात धरून वाचते. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द पुसट आला, तर रोल बाजूला.

दुपारी १.००
डबा उघडला तेवढ्यात एका दुकानदाराचा फोन: पिशव्या हातातच फाटतात. कुठे ठेवल्या होत्या? पत्र्याखाली, उन्हात. त्यांना समजावते, “दादा, भाजीसारखं समजा. थंड, कोरड्या जागेत ठेवा आणि जुना माल आधी वापरा.”

दुपारी ३.००
कारखान्यामागच्या कंपोस्ट खड्ड्यावर. कॅन्टीनचं खरकटं, पाचोळा, शेण. थर्मामीटर ५५ दाखवतो. पाच आठवड्यांपूर्वी जाळीत बांधून पुरलेला तुकडा बाहेर काढते. भिजलेल्या पापडासारखा तो बोटांत तुटतो. फक्त शिवण शाबूत आहे, कारण तिथे फिल्म दुहेरी आहे. प्रयोगशाळेतली कसोटी याहून कडक. ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये.

सकाळी ज्या पाण्याला मी दारातही उभं करत नाही, तेच इथे माझं काम पुरं करतं. उष्णता आणि ओल मिळून साखळ्या तोडतात, मग जिवाणू ते तुकडे खातात. नाल्यात किंवा रस्त्याकडेला ही ऊब नसते. तिथे फेकलेली आमची पिशवीही दीर्घकाळ कचराच राहते.

संध्याकाळी ५.००
आमच्या गल्लीत कचरा वेचणाऱ्या मावशी ओल्या कचऱ्यातून सगळ्याच पिशव्या उपसून काढतात. घाईत त्यांना फरक कसा कळणार? आणि आमची पिशवी साध्या प्लास्टिकच्या भंगारात मिसळली, तर तो पुनर्वापराचा मालही बिघडतो. काल त्यांना छापलेली खूण दाखवली. त्या म्हणाल्या, “अक्षर मोठं काढा गं, आमची नजर चालत नाही.” आज छपाईवाल्याला नवा नमुना पाठवला. अक्षर दुप्पट.

संध्याकाळी ६.००
आभाळ भरून आलंय. उरलेल्या दाण्यांच्या गोणीचं तोंड दोनदा पिळून बांधते. मग मागे जाऊन कोरड्या पडलेल्या खड्ड्यावर बादलीभर पाणी ओतते आणि घरी निघते.