कॅसेटमधला हरवलेला आवाज

कोनामी कंपनीचा ‘आकुमाजो देन्सेत्सु’ हा खेळ जपानमध्ये १९८९च्या डिसेंबरमध्ये आला आणि पुढच्या वर्षी ‘कॅसलव्हेनिया ३’ या नावाने अमेरिकेत पोचला. दोन्हींचं संगीत एकापाठोपाठ ऐकून पाहा. चाली त्याच आहेत, पण जपानी खेळातला तंतुवाद्यांसारखा भरीव स्वर अमेरिकी खेळात नाही. तो स्वर वाजवणारी वाटच अमेरिकी यंत्रात नव्हती.

जपानी खेळ ज्यावर चालायचा, त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रातली (१९८३) ध्वनिचिप पाच आवाज काढते: दोन चौकोनी तरंग, एक त्रिकोणी, एक खरखर आणि एक नमुना ध्वनी. हा आवाज थेट टीव्हीकडे जात नाही. तो आधी खेळाच्या कॅसेटमध्ये जातो आणि तिथून परत यंत्रात येतो. साध्या कॅसेटमध्ये जाण्या-येण्याच्या दोन पिना नुसत्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पण कॅसेटमध्ये स्वतःची ध्वनिचिप बसवली, तर तिचा आवाज याच वाटेवर मूळ आवाजात मिसळता येतो. कोनामीने नेमकं हेच केलं. त्यांच्या व्हीआरसी६ चिपने आणखी दोन चौकोनी तरंग आणि एक करवती तरंग दिला. नेमक्या अर्ध्या-अर्ध्या चौकोनी तरंगात मूळ कंपनसंख्येच्या फक्त विषम पटी असतात. करवती तरंगात सम-विषम साऱ्या असतात. कानाला जाणवणारा भरीवपणा येतो तो त्यातूनच.

फॅमिकॉमच्या अमेरिकी रूपात, म्हणजे एनईएसमध्ये मात्र कॅसेटचा ६० पिनांचा सांधा बदलून ७२ पिनांचा झाला आणि त्यातून आवाजाच्या त्या दोन पिना गेल्या. त्याऐवजी दहा मोकळ्या पिना यंत्राच्या पोटाशी असलेल्या विस्तार-पोर्टकडे नेल्या. हे पोर्ट प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दडलेलं असतं.

दुरुस्ती इथेच करायची असते, आणि ती थक्क करणारी साधी आहे. त्या पोर्टच्या ३ आणि ९ क्रमांकाच्या पिनांमध्ये ४७ किलोओहमचा एक रेझिस्टर सोल्डर करायचा. पिवळा, जांभळा आणि केशरी पट्टा असलेला हा रेझिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिल्लर पैशांत मिळतो. नववी पिन कॅसेटकडून येते, तिसरी यंत्राच्या आवाजात जाते. तुटलेली वाट पुन्हा जोडली जाते. अर्थात कॅसेटकडून त्या पिनेवर आवाज यायला हवा. त्यासाठी जुन्या चिपांची नक्कल करणारी आधुनिक फ्लॅश कॅसेट लागते, किंवा आवाजाची वायर जोडलेला ६० ते ७२ पिनांचा कन्व्हर्टर.

रेझिस्टर न लावता सरळ वायर का जोडू नये? कारण इथे प्रश्न प्रमाणाचा आहे. रोध जितका कमी, तितका कॅसेटचा वाटा मोठा. नुसती वायर लावली तर कॅसेटचा आवाज मूळ वाद्यमेळाला गिळून टाकेल. म्हणून काही जण तिथे व्हॉल्यूमचा पॉट बसवतात आणि खऱ्या फॅमिकॉमचं रेकॉर्डिंग शेजारी वाजवून पातळी जुळवतात. मला ही पद्धत सर्वात प्रामाणिक वाटते. संगीतकाराने ऐकून ठरवलेलं प्रमाण आपणही ऐकूनच गाठायला हवं.

एनईएसवर आणखी एक बदल लोकप्रिय आहे, स्टीरिओचा. चिपच्या एका पिनेवर दोन्ही चौकोनी तरंग आणि दुसरीवर उरलेले तीन आवाज येतात. ते वेगळे काढून डाव्या-उजव्या स्पीकरला द्यायचे. करायला तोही सोपा, पण मी तो सुचवणार नाही. सगळी चाल एका कानात आणि खर्ज-ताल दुसऱ्या कानात, असं हे संगीत कोणी रचलेलंच नव्हतं. शिवाय त्रिकोणी तरंग, खरखर आणि नमुना ध्वनी चिपच्या आतच एकमेकांत मिसळतात, ते बाहेरून सुटे होत नाहीत. रेझिस्टरचा बदल रचलेलं परत मिळवून देतो. स्टीरिओचा बदल न रचलेलं त्यावर लादतो.

नव्वदच्या दशकात आपल्या घराघरांत फॅमिकॉमच्याच नकला होत्या, ६० पिनांच्या पिवळ्या कॅसेटींसह. त्या सांध्यात आवाजाची ही वाट होती. तिचा पुरेपूर उपयोग ऐकायचा असेल, तर कोनामीचाच १९९१चा ‘लॅग्रेंज पॉइंट’ हा खेळ लावावा: त्याच्या कॅसेटमधली व्हीआरसी७ चिप एफएम पद्धतीने आणखी सहा आवाज काढते. यंत्राच्या पाच आवाजांत ते मिसळले की अकरा स्वर एका वेळी वाजतात.