विंचवाचें विष आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्या

वरणगांवच्या बाजूस सरपणाच्या ढिगांत हात घालतांना विंचवाची भीति कोणास नसते? दंशाची आग सर्वांस दिसते, आणि ती उतरविण्यासाठीं मंत्र घालण्यांत बहुमोल वेळ जातो. परंतु तांबड्या विंचवाच्या दंशानें जें मूल दगावतें, तें बहुधा फुप्फुसांत पाणी भरल्यामुळें.

आगीचें एक कारण सेरोटोनिन हें द्रव्य. कित्येक विंचवांच्या विषांत तें असतें. हेंच द्रव्य इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंत गुरांच्या रक्तद्रवांतून शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. जनावरांच्या फुप्फुसांवरील प्रयोगांत त्याची मोठी मौज दिसून आली. वासराची फुप्फुसवाहिनी त्यानें आवळते. डुकराची आधींच आवळलेली असेल तर उलट सैल पडते! द्रव्य एकच, पण वाहिनीच्या भिंतीवर त्यास धरणारे 'ग्राहक' निराळे. ग्राहक हें कुलूप मानलें तर द्रव्य ही त्याची किल्ली होय; तिनें एक दार लागतें, दुसरें उघडतें.

विंचवाच्या विषाचा घातक भाग मात्र दुसऱ्याच किल्लीनें काम करतो. विषामुळें ज्ञानतंतु चेतलेलेच राहतात आणि शरीर स्वतःच अ‍ॅड्रिनलीन व तज्जातीय द्रव्यें भरमसाट ओतूं लागतें. तीं रक्तवाहिन्यांवरील 'आल्फा' ग्राहकांस लागतांच सर्वांगांतील वाहिन्या आवळतात. अशा अरुंद वाटांतून रक्त ढकलतां ढकलतां हृदय थकतें, मागें फुप्फुसांत रक्त तुंबतें आणि त्यांतील पाणी झिरपूं लागतें. ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय हीं त्याचीं पूर्वचिन्हें.

रायगड जिल्ह्यांतील महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं हीं चिन्हें रोग्यांच्या उशाशीं बसून टिपलीं व इ. स. १९८२ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध केलीं. पुढें त्यांनीं प्राझोसिन वापरलें. हें मूळचें रक्तदाबावरील औषध. आल्फा ग्राहकांचें कुलूप तें अडवून धरतें. त्यांच्या नोंदींप्रमाणें, अत्यवस्थ रोग्यांपैकीं पूर्वीं शंभरीं तीसच्या घरांत दगावत. तें प्रमाण एकाच्या आसपास आलें. इ. स. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चांचणींत जोडीला प्रतिविष दिल्यास रोगी लवकर सांवरतो, असेंहि आढळलें.

गोळी स्वस्त आहे व पोटांत घेतां येते. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखींतच द्यावयाची, आणि दिल्यावर रोग्यास निजवूनच ठेवावयाचें. एकदम उठविल्यास दाब उतरून घेरी येते.