शेपटी छाटलेली सेडान

नवी कॉम्पॅक्ट सेडान येणार म्हटलं की चर्चा रंगते ती ग्रिल, दिवे आणि सनरूफची. लांबी मात्र आजच छातीठोकपणे सांगता येते: चार मीटरच्या आत. याचं कारण करात आहे. २००६च्या अर्थसंकल्पाने छोट्या इंजिनाच्या, चार मीटरच्या आतल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. २००८ची डिझायर ही सेडान ४१६० मिलिमीटर लांब, म्हणजे या सवलतीबाहेर होती. २०१२मध्ये ती ३९९५वर आणताना डिकी ४४० लिटरवरून ३१६वर आली. शहरी ग्राहकालाच आखूड गाडी हवी असते, असं कुणी म्हणेल. खरंही आहे ते, थोडंफार. पण मग २०१७ आणि २०२४च्या डिझायरही नेमक्या ३९९५वरच का थांबल्या? पार्किंगला पाच मिलिमीटरचा हिशेब कळत नाही; तो करखात्याला कळतो. सप्टेंबर २०२५मध्ये अशा छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, चार मीटरची अट मात्र जिथल्या तिथे राहिली.