प्लेगचे क्रूस

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले, आणि पुढील फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा जारी करून घरझडत्या व विलगीकरणाच्या छावण्या यांचा अंमल बसविला, त्या भयग्रस्त काळात मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांनी आपली उपासना चर्चच्या भिंतींबाहेर, आळीच्या तोंडाशी आणली. गिरगावची खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, वांद्र्याचे रणवार अशा वस्त्यांतून हिंडताना आजही जे क्रूस भेटतात, त्यांतील कित्येक या साथीचे स्मारक होत. काही संरक्षणाच्या याचनेने उभारलेले, काही जीव वाचल्याच्या कृतज्ञतेने.

या क्रुसांचे खरे मोल त्यांच्या दगडात नसून त्यांच्याभोवती जमणाऱ्या माणसांत आहे, असे माझे मत आहे. मे महिन्यातील संध्याकाळी झेंडूची माळ चढते, चौथऱ्यावर मेणबत्त्या लागतात, शेजारीपाजारी उभ्यानेच जपमाळ म्हणतात, आणि प्रार्थना संपताच उकडलेल्या चण्यांची ओंजळ प्रत्येकाच्या हाती, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पडते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे चर्चची दारे मिटली, तेव्हा मिस्सा दूरध्वनीच्या पडद्यावरून घरोघर पोहोचली. आळीतील क्रूस मात्र उघड्या आकाशाखाली जागच्या जागीच होता.

रस्तारुंदीत यांपैकी काही क्रुसांवर गंडांतर आले आहे. वाटेत असा एखादा क्रूस दिसल्यास त्यावर कोरलेले साल वाचण्यापुरते तरी वाचकांनी क्षणभर थांबावे.