एक लॅपटॉप, तीन पडदे

मंगल कार्यालयात हे हमखास घडतं. लॅपटॉपवरची चित्रफीत एकाच वेळी तीन ठिकाणी दाखवायची असते: स्टेजशेजारच्या फोर-के टीव्हीवर (३८४० बाय २१६०), हॉलमधल्या फुल एचडी प्रोजेक्टरवर (१९२० बाय १०८०) आणि पंगतीच्या बाजूला लावलेल्या १०२४ बाय ७६८ च्या जुन्या प्रोजेक्टरवर. डेकोरेटरचा पोरगा एचडीएमआय स्प्लिटर लावतो. टीव्ही झकास चालतो, बाकी दोन्हीकडे ‘नो सिग्नल’. मग केबल बदलणं सुरू होतं. केबल बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते.

एचडीएमआय जोडल्या जोडल्या चित्र धावत नाही. आधी विचारपूस होते. लॅपटॉप १८ नंबरच्या पिनवर पाच व्होल्ट देतो, पडदा १९ नंबरवरून ‘मी आलो’ असं कळवतो आणि मग १५ व १६ या पिनांवरून लॅपटॉप पडद्याच्या आतली एक छोटी नोंद वाचतो. तिचं नाव ईडीआयडी. मूळ नोंद अवघी १२८ बाइटची. कंपनी कोणती, कोणती रेझोल्यूशन्स चालतात, त्यातलं पसंतीचं कोणतं, हे तीत असतं. ती वाचून लॅपटॉप एक रेझोल्यूशन ठरवतो आणि तेवढंच पाठवतो.

गोची इथेच आहे. मागे पडदे तीन, पण लॅपटॉपला दिसतो एकटा स्प्लिटर, आणि त्याला नोंद दाखवता येते एकच. काही स्प्लिटर पहिल्या आउटपुटची नोंद पुढे करतात. तिथे टीव्ही असला की फोर-के सुटतं आणि प्रोजेक्टरना ते झेपत नाही. काही स्प्लिटर सगळ्यांना चालेल असं सर्वांत लहान रेझोल्यूशन धरतात. मग महागड्या टीव्हीवरही १०२४ बाय ७६८ येतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे घेऊन. साधा स्प्लिटर चित्र लहानमोठं करतच नाही, आलेल्याच्या प्रती वाटतो.

माझं मत विचाराल तर कार्यालयात फोर-केचा हट्ट सोडावा. स्प्लिटरवर ईडीआयडीचा छोटा स्विच असेल तर तो १०८०पी वर ठेवावा. टीव्ही स्वतःच एका पिक्सेलच्या जागी चार भरतो. जुन्या प्रोजेक्टरला एचडीएमआय असेल तर सहसा तोही १०८०पी घेऊन आत आकसतो: रुंदी १०२४, उंची ५७६, उरलेल्या १९२ ओळी वर ९६ आणि खाली ९६ अशा काळ्या.

त्याला फक्त व्हीजीए असेल, तर स्वस्तातला कन्व्हर्टर पुरेलच असं नाही. तो सिग्नलची जात बदलतो, आकार नाही. तिथे स्केलर लागतो, किंवा प्रत्येक आउटपुटला वेगळं रेझोल्यूशन देणारा स्केलिंग स्प्लिटर. स्केलर बहुधा एखादी फ्रेम साठवून मग पुढे सोडतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला सुमारे १७ मिलिसेकंद. एवढ्याने कुणाचं बिघडत नाही. मात्र दोन पडदे शेजारी-शेजारी असले आणि प्रत्येकाची आतली दिरंगाई निराळी असली, की एकावर अक्षता आधी पडतात.

ओटीटीवरची मॅच दाखवायची असेल तर एचडीसीपी हे कुलूप आडवं येतं. तीनपैकी एका यंत्राला ते उघडता आलं नाही, तर निदान तो पडदा तरी काळाच राहतो, आणि तिथे रेझोल्यूशन बदलून काही उपयोग नसतो.