येरेवानचे वार्तापत्र : गृहीत धरलेला मित्र

२०२२ सालचे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवले की रशियाचे नाव निघताच आर्मेनियन माणूस तोंड का फिरवतो ते कळते. जानेवारीत कझाकस्तानात दंगली उसळल्या. तिथल्या अध्यक्षांनी सामूहिक सुरक्षा करार संघटनेकडे, म्हणजे सीएसटीओकडे, मदत मागितली. रशियाच्या तंत्राने चालणाऱ्या या सहा देशांच्या लष्करी आघाडीने दुसऱ्याच दिवशी फौजा धाडल्या. संघटनेचे फिरते अध्यक्षपद तेव्हा आर्मेनियाकडे होते, त्यामुळे ती घोषणाही आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनाच करावी लागली.

सप्टेंबरमध्ये पाळी आर्मेनियाची आली. अझरबैजानने सीमा ओलांडून तोफा डागल्या. जेर्मुकवर गोळे पडले. हे गाव गरम झऱ्यांचे. येरेवानच्या खानावळीत बसलात की टेबलावर जेर्मुकच्याच पाण्याची बाटली येते. सभासदावरचा हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला, असे कराराचे चौथे कलम सांगते. आर्मेनियाने ते कलम पुढे केले. सीएसटीओने पाहणी पथक पाठवले.

नोव्हेंबरात इथे येरेवानमध्येच संघटनेची शिखर परिषद भरली. यजमान पाशिन्यान यांनी जाहीरनाम्यावर सही करायला नकार देऊन बैठक संपवून टाकली. बेलारूसचे लुकाशेंको हात पसरून पाहत राहिले, पुतिन यांच्या हातातले पेन टेबलावर पडले. ती चित्रफीत इथे घरोघरी पाहिली गेली.

मॉस्कोने आर्मेनियाला असे वाऱ्यावर का सोडावे? सरळ हिशेब आहे. आर्मेनिया आघाडीत आहेच, जाऊन जाऊन जाणार कुठे? तुर्कस्तानची सीमा १९९३पासून बंद. गॅस रशियाचा, रेल्वे २००८पासून रशियन कंपनीच्या ताब्यात, मेत्सामोरच्या अणुभट्टीचे इंधन रशियाचे. रशियाला जाणारा एकमेव खुष्कीचा मार्ग जॉर्जियातून लार्सच्या खिंडीत चढतो. २०१३मध्ये युरोपीय संघाशी सहकार्य कराराच्या वाटाघाटी पुऱ्या झाल्या होत्या. सप्टेंबरात तेव्हाचे अध्यक्ष सर्ज सार्गस्यान मॉस्कोला गेले आणि तिथूनच रशियाच्या जकात संघात सामील होत असल्याचे सांगून मोकळे झाले.

अझरबैजानचे तसे नाही. सीएसटीओच्या करारातून तो १९९९मध्येच बाहेर पडला. तेल-वायू आहे, आणि पाठीशी तुर्कस्तान आहे. २०२१च्या जूनमध्ये शुशा इथे दोघांनी परस्पर संरक्षणाचा जाहीरनामा केला. तुर्कस्तान नाटोचा सभासद. मग मॉस्कोचा सूर पाहा. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवर चाल करण्याच्या दोन दिवस आधी, पुतिन यांनी अझरबैजानचे अध्यक्ष अलीयेव यांच्याशीही मैत्रीच्या घोषणापत्रावर सही केली. २०२४च्या डिसेंबरात अझरबैजानचे प्रवासी विमान पडले तेव्हा, घटना रशियन हवाई हद्दीत घडली म्हणून, पुतिन यांनी फोन करून माफी मागितली.

आता आर्मेनियातल्या ग्युम्री शहरात काय झाले ते पाहा. तिथे रशियाचा १०२ क्रमांकाचा तळ आहे. २०१५च्या जानेवारीत तळावरून पळालेल्या एका रशियन सैनिकाने एकाच कुटुंबातील सात जणांचा जीव घेतला. सहा महिन्यांचे बाळही गेले. आरोपी तळाच्या आतच ठेवला गेला. रशियन वकिलातीवर मोर्चे गेले, पोलिसांशी झटापटी झाल्या. जन्मठेप सुनावायला आर्मेनियन न्यायालयाला पुढचे वर्ष उजाडले. तरीही तळ हटवा असे ग्युम्रीत सगळेच म्हणत नाहीत. १९८८च्या भूकंपानंतर हे शहर पुरते सावरलेले नाही, आणि तळामुळे भाडी मिळतात, दुकाने चालतात. असून अडचण, नसून खोळंबा.

दोष एकट्या रशियाचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्यावरून दोन्ही देश लढले ते आर्मेनियन वस्तीचे नागोर्नो-काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचेच. सीएसटीओचे कलम तिथे कधी लागूच नव्हते. तीस वर्षे रशियाच्या भरवशावर तडजोड टाळली ती येरेवानच्या राज्यकर्त्यांनी. पण २०२०च्या युद्धानंतर तिथे १,९६० रशियन शांतिसैनिक तैनात होते, आणि सप्टेंबर २०२३मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर लाखावर आर्मेनियन त्यांच्या डोळ्यांदेखत घरेदारे सोडून निघाले. त्या धुमश्चक्रीत काही रशियन सैनिकही मारले गेले. अलीयेव यांनी दिलगिरी कळवली, मॉस्कोने ती ठेवून घेतली. ज्याच्या मागे दुसरा कोणी बलदंड उभा आहे त्याच्याशी महासत्ता जपून वागते. जो आधीच आपल्या गोटात आहे त्याला ती वाट पाहायला लावते.

आर्मेनिया आता दुसरी दारे ठोठावतो आहे. युरोपीय संघाचे निरीक्षक सीमेवर गस्त घालतात. पैसे भरूनही रशियाकडून शस्त्रे आली नाहीत, अशी तक्रार करत येरेवानने फ्रान्स आणि भारत गाठला. पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत घडलेल्या पिनाक रॉकेट यंत्रणेचे पहिले परदेशी गिऱ्हाईक आर्मेनियाच. २०२४च्या उन्हाळ्यात झ्वार्तनोत्स विमानतळावरून रशियन सीमारक्षक गेले. २०२५च्या ऑगस्टमध्ये पाशिन्यान आणि अलीयेव यांनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्या वॉशिंग्टनमध्ये, ट्रम्प यांच्या साक्षीने. मॉस्को त्या खोलीत नव्हते.

म्हणून आर्मेनिया सुटला असे वाचकांनी समजू नये. पाशिन्यान यांनी २०२४मध्ये सीएसटीओतील सहभाग गोठवला, पण सभासदत्व सोडले नाही. गॅस अजून रशियाचाच जळतो. आणि ग्युम्रीच्या तळाचा करार २०१०मध्ये वाढवून दिलेला आहे, २०४४पर्यंत.